सुरेखाची उडती बाई

सुरेखा ओव्हाळ कंपनीच्या बसमधून कधी उतरली नाही. ती उडी मारायची. बस थांबलेली असायची, दाराला तीन धड पायऱ्या होत्या, धरायला दांडी होती. तरी ही सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहायची, ओढणी मानेमागे टाकायची, दोन्ही मुठी कमरेला लावायची आणि धप्पकन गेटसमोरच्या धुळीत पडायची. मागच्या बायका तोवर दारात खोळंबलेल्या. ड्रायव्हर मामा आरशात बघून विचारायचे, "उतरलं का विमान?"

"उतरलं," असं म्हणून सुरेखा चपलेचा निघालेला अंगठा हातात घ्यायची आणि लंगडत हजेरीच्या रांगेत जाऊन उभी राहायची.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. रांजणगावच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती. मोटारींच्या आरशांचे प्लास्टिकचे भाग तिथं बनायचे. मी पॅकिंगला, सुरेखा तपासणीला. समोर आलेला भाग दिव्याखाली धरायचा आणि एक तर 'ओके'चा शिक्का मारायचा, नाही तर 'रिजेक्ट'चा, हे तिचं काम. तो शिक्का ती घरीही घेऊन यायची, म्हणजे तोंडी. आमटी रिजेक्ट, शेजारच्यांचा जावई ओके, शिरूरचा नवा स्टँड रिजेक्ट.

आम्ही दोघी शिरूरला एका खोलीत राहायचो. माझी वाडी तशी जवळ, पण पहिल्या पाळीला पोचवणारी एसटी तिकडून नव्हती. सुरेखा दौंडची. तिचे वडील रेल्वेत सांधेवाले होते. म्हणजे यार्डात उभं राहून, खटका ओढून रूळ बदलायचे आणि गाडी जिकडे जायला हवी तिकडे पाठवायची. आई ती पाच वर्षांची असतानाच गेली. बाप-लेक दोघंच. बापाला ती आबा म्हणायची.

खोलीवर आलो त्या पहिल्या दिवशी मी ट्रंक खाली ठेवते न ठेवते तोच तिनं विचारलं, "ती उडत्या बाईची पिक्चर बघितलीस का तू?"

"कुठली?"

"म्हंजी न्हाई बघितली," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की जणू जेवणाआधीच कुणी गोड वाढलं असावं. मग तिनं मला गादीवर बसवलं आणि आख्खा सिनेमा सांगितला. सिनेमा अडीच तासांचा असेल, पण हिचं सांगणं तीन तास चाललं, कारण मारामाऱ्या ती करून दाखवायची. आमच्याकडे एकच स्टूल होतं. त्याचा एक पाय त्या दिवशी गेला.

हा सिनेमा तिनं सात वर्षांची असताना बघितला होता, दौंडला, रेल्वेच्या लोकांसाठी एका हॉलमध्ये रविवारी दुपारी दाखवायचे तेव्हा. नाव तिला माहीत नव्हतं. आबांची ड्यूटी लांबल्यामुळे ते उशिरा पोचले, नावांच्या पाट्या येऊन गेलेल्या. बाहेरच्या फळ्यावर नुसतं 'रविवारी सिनेमा' एवढंच खडूनं लिहिलेलं. हिरॉइन कोण, हेही माहीत नाही. सुरेखाच्या लेखी तिचं नाव 'बाई' होतं, आणि तिला दुसऱ्या नावाची गरज नव्हती.

गोष्ट अशी. समुद्रकाठच्या एका मोठ्या शहरात एक टायपिस्ट असते. जाड भिंगाचा चष्मा, साधी साडी, ऑफिसात सगळे तिला हसतात. एका रात्री आकाशातून चांदणी निखळते आणि बरोबर तिच्या चाळीच्या पाण्याच्या टाकीत पडते. सकाळी बाकीचे पाणी उकळून पितात, ही घाईत तसंच पिते. झालं. बाई उडायला लागते. अंगात लाल झगा, पाठीवर लाल कापड. ती बस उचलते, पूल धरून ठेवते. तिकडे काळ्या चष्म्याचा एक तस्कर सूर्य बंद करायचं यंत्र बनवत असतो. तो तिला विषारी बाण मारतो, बाई आकाशातून खाली पडायला लागते, आणि इंटरव्हल.

इथपर्यंत मला काही अडचण नव्हती. टाकीचं पाणी इतर कुणीच उकळल्याशिवाय कसं प्यालं नाही, हा प्रश्न मी गिळला होता. खरी अडचण इंटरव्हलनंतर यायची.

इंटरव्हलनंतर बाई एका दवाखान्यात असायची. हिरव्या पडद्यांच्या. तिथं तिला ही एवढी मोठी सुई टोचायचे. "पन रडली न्हाई," सुरेखा बोट वर करून सांगायची. "नुसता ओठ चावला. डॉक्टरच घाबरला." मग बाईला दुधात बुडवलेला पाव द्यायचे. तो तिला नको असायचा, तरी ती खायची, कारण प्रत्येक घासागणिक अंगात एका घोड्याची ताकद यायची. चार दिवस बाई पडून. घाम आला, की विष उतरलं. मग पाचव्या दिवशी ती उठायची आणि खिडकीतून थेट यार्डात.

"कुठल्या यार्डात?"

"यार्डात म्हंजी यार्डात. मालधक्क्यापाशी."

"आन् समुद्र कुठं गेला?"

"समुद्र तिथंच हाय. बाई हिकडं आली."

"कशी?"

"रेल्वेनं."

"उडता येतं ना तिला? मग रेल्वेत कशाला बसली?"

सुरेखानं माझ्याकडे दयेनं बघितलं. "आजारी होती ना, शोभे. आजारी मानूस उडतं का?"

यापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. तो तस्करही इंटरव्हलनंतर बदललेला असायचा. पहिल्या भागात तो सूर्य बंद करायला निघालेला, दुसऱ्या भागात तो मोठा साहेब होऊन खुर्चीवर बसायचा आणि गरीब माणसांची रजा नामंजूर करायचा. "एवढं सूर्याचं सोडून रजेवर कसा आला?" असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "रजा न देनारा मानूस सूर्य बी बंद करंल." शेवटी बाई धावत्या मालगाडीला एका हातानं थांबवायची, एका बोटानं खटका ओढायची, आणि साहेबाचा स्पेशल डबा भलत्याच रुळावर जाऊन उभा राहायचा. "अजून उभा हाय," असं म्हणून सुरेखा सिनेमा संपवायची.

मी हा सिनेमा तिच्या तोंडून किमान चाळीस वेळा ऐकला. बसमधल्या बायकांनी ऐकला, मेसवालीनं ऐकला, घरमालकीण काकूंनी तर पाठ केला. आमच्या लाइनवर बिहारची दोन पोरं होती, त्यांना तिनं हिंदीत ऐकवला. ते भाषांतर ऐकून ती दोघं महिनाभर तिला 'दीदी' म्हणून लांबून नमस्कार करायची.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि आम्ही हसायचोही. पण सुरेखाचं एक होतं. कुठलीही पंचाईत आली, की ती हातातलं काम थांबवायची आणि स्वतःलाच विचारायची, "बाईनं काय केलं असतं?" उत्तरही तीच द्यायची.

आमच्या खात्यात साठ बायका आणि एक संडास. त्या संडासाला कडी नव्हती. एक आत गेली की दुसरीनं दार धरून उभं राहायचं, अशी व्यवस्था. नवी पोरगी आली की तिला आधी काम नाही, दार धरायला शिकवायचे. पाटसकर म्हणून सुपरवायझर होते. त्यांना सांगितलं की ते "बघू" म्हणायचे आणि खरंच कुठंतरी लांब बघत राहायचे.

"बाईनं काय केलं असतं?" सुरेखानं विचार केला. "बाईनं दार उपटलं असतं. पन आपलं दार आधीच निम्मं उपटलेलं हाय. मग अर्ज."

गोल गोल अक्षरात तिनं अर्ज लिहिला. विषय : कडी. पंधरा दिवसांनी दुसरा. विषय : कडीचे स्मरण. तिसऱ्याचा विषय होता : अजून कडी. सातव्या अर्जाला तिनं एक कडीच दोऱ्यानं बांधून दिली, नमुना म्हणून, शिरूरच्या बाजारातून आणलेली. पाटसकरांनी ती कडी आपल्या ड्रॉवरला लावली.

मग एका दुपारी चहाच्या सुट्टीत सुरेखा उठली आणि ऑफिसच्या बाजूला चालायला लागली. काही न सांगता तिच्यामागे चौदा जणी गेल्या. मी सहावी होते. तिकडे साहेबांचा फरशीचा संडास होता, पितळी कडीचा. शिपाई आडवा आला. "हे साहेबांचं हाय."

"साहेबांचं झालं की सांगा," सुरेखा म्हणाली. "आमी थांबतो."

साहेब आतच होते. पाच मिनिटांनी पितळी कडी वाजली, दार उघडलं, आणि रुमालानं हात पुसत बाहेर पडणाऱ्या साहेबांना दिसलं काय, तर निळे अॅप्रन घातलेल्या पंधरा बायका भिंतीला लागून रांगेत उभ्या. कुणी हसलं नाही, कुणी बोललं नाही. सुरेखा तेवढी म्हणाली, "गुड मॉर्निंग, सर." तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

दुसऱ्या दिवशी कडी लागली. महिनाभरात आणखी दोन संडास बांधून झाले. आणि त्याच महिन्यात कायम होणाऱ्यांची यादी लागली. तीन वर्षं एकही चुकीचा शिक्का न मारणाऱ्या सुरेखाचं नाव त्या यादीत नव्हतं. तिला तपासणीवरून काढून माझ्याबरोबर पॅकिंगला टाकलं. मी रडवेली झाले. ती पुठ्ठ्याचं खोकं जोडत म्हणाली, "नवीन संडास बघितलास का? पांढरी फरशी हाय. ओके."

तिला खोटं बोलता यायचं नाही, हाही एक तापच होता. काकूंच्या नातवाच्या बारशाला जायचा मला कंटाळा आला होता. मी सुरेखाला म्हटलं, "सांग, शोभा आजारी आहे." ती खाली गेली आणि काकूंना म्हणाली, "शोभा आजारी न्हाई, पन तिला आजारी हाय असं सांगायचंय." काकूंनी माझ्याशी पंधरा दिवस पाण्यापुरतंच बोलणं ठेवलं.

लग्नाचं तर विचारूच नका. तिशी जवळ आलेली. दौंडला चुलतीनं दोन-तीन स्थळं आणली. एकदा मुलगा बघायला आला, नोकरीवाला, चांगला. मुलाच्या मामांनी आवड विचारली. हिनं सांगितलं, "सिनेमा. एकच." मग मुलाला म्हणाली, "तुमाला एक इचारते. तुमच्या बायकोला उद्या उडता आलं, तर तुमी काय कराल?"

मुलगा बिचारा सरळ होता. त्यानं थोडा विचार केला आणि विचारलं, "कुठं जानार उडत?"

हिनं तिथंच नकार दिला. खोलीवर येऊन मला म्हणाली, "'कुठं' इचारनारा नको गं मला. 'कसं' इचारलं असतं, तर मी उद्याच टिळा लावून घेतला असता." मी म्हटलं, "अगं, पण कुणी 'कसं' विचारणार नाही." ती गादी झटकत होती. झटकता झटकता म्हणाली, "मग मी बी इचारनं सोडनार न्हाई." आणि त्या दिवशी तिनं सिनेमा सांगितला नाही.

याच सुमाराला सीडीची दुकानं गल्लोगल्ली झाली. सुरेखानं ठरवलं, सिनेमा शोधायचा. आबा आता थकले होते, रिटायर होऊन दौंडला एकटेच राहत होते. त्यांना तो परत दाखवायचा. दर रविवारी आम्ही दुकानं पालथी घालायला लागलो. शिरूर झालं, शिक्रापूर झालं. सगळीकडे तेच बोलणं.

"नाव काय पिक्चरचं?"

"माहीत न्हाई."

"हिरो कोन?"

"हिरो न्हाई. एक टायपिस्ट हाय. ती उडती."

शिक्रापूरच्या दुकानदारानं पुष्कळ विचार करून देवीच्या सिनेमाची सीडी काढली. "ही उडती बघा. शेवटी तर लई उडती."

सुरेखानं सीडी परत केली. "ही देवी हाय. देवीला उडायला काय लागतं? मला बाई पायजे."

शेवटी सिनेमा सापडला तो दुकानात नाहीच. कंपन्यांच्या रस्त्याला, परप्रांतातल्या कामगारांसाठी एक माणूस ताडपत्री अंथरून जुन्या सीडींचा ढीग लावायचा. मी मोजे बघत होते आणि सुरेखा एकदम खाली बसली. फुटक्या डबीवर एक जाड भिंगाची बाई दोन्ही हात पुढं करून आडवी झालेली. पाठीवर कापड, पण हिरवं.

"लाल होतं ना गं?" मी म्हटलं.

"उन्हात बसलाय हा मानूस. रंग उडला आसंल."

लाल रंग उडून हिरवा होत नाही, पण ती तोवर पैसे मोजायला लागली होती. सिनेमाचं नाव मी इथं देत नाही. दिलं तर तुम्ही कुठूनतरी शोधून बघाल आणि मला शिव्या द्याल.

रविवारी दुपारी काकूंच्या टीव्हीसमोर आम्ही बसलो. सुरेखानं त्या दिवशी केस धुतले होते. काकूंनी शेंगा भाजल्या होत्या. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांतच माझ्या लक्षात आलं, की हा फार भिकार सिनेमा आहे. बाई उडायची तेव्हा मागचं आकाश सुरकुतलेलं दिसायचं.

"दोरी दिसती गं," काकू म्हणाल्या.

"ती दोरी न्हाई. वारा हाय," सुरेखा म्हणाली.

पण टायपिस्ट होती, पाण्याची टाकी होती, काळ्या चष्म्याचा तस्कर होता. सुरेखा प्रत्येक वाक्य एक क्षण आधी बोलायची. बाण लागला, बाई गरागरा फिरत पडायला लागली, पडद्यावर 'मध्यांतर' आलं. सुरेखा आमच्याकडे वळली. "आता दवाखाना," ती म्हणाली. "आता बघा."

मध्यांतरानंतर बाई बागेत नाचत होती. बाण कुणी काढला, विष कसं उतरलं, काही नाही. बरोबर एक हिरो होता. पहिल्या भागात तो दोनदा फाइल घेऊन गेला होता, तोच. पुढं दीड तास तो बाईला समजावत होता, की बाईनं उडणं बरं दिसत नाही. तस्कराला त्यानंच मारलं. शेवटी बाईनं देवळात हात जोडून आपली ताकद परत केली, हिरवं कापड चुलीत घातलं, हिरोला पोळ्या वाढल्या आणि सिनेमा संपला. दवाखाना नाही, सुई नाही, पाव नाही. रेल्वे तर औषधालाही नाही.

"बरं झालं बाई, संसाराला लागली," काकू म्हणाल्या आणि टरफलं गोळा करून आत गेल्या.

सुरेखा टीव्हीकडे बघत बसली होती. "कापलाय," ती म्हणाली. "सीडीत बसत न्हाई म्हनून कापत्यात." मी मान हलवली. तिनं मध्यांतरापासून परत लावला. बागेतलं गाणं परत सुरू झालं. ते संपायच्या आत तिनं बंद केलं.

खोलीवर आलो. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मग वळून म्हणाली, "शोभे, त्या साली मला ताप आला होता. टायफॉइड. रेल्वेच्या दवाखान्यात ठेवलं होतं मला. तिथं हिरवे पडदे होते."

मी गादीवर बसले.

"सुईला मी लई भ्यायचे. आबा ड्यूटी संपली की यायचे. खाटेजवळ बसून काहीबाही सांगत राहायचे." ती अजून एकेक आठवत होती. "पाव मला आवडायचा न्हाई." मग एकदम म्हणाली, "इंटरव्हललाच उचलून घेऊन गेले असनार मला. अंग तापलं असंल माझं. म्हंजी पुढचं त्यांनी पन बघितलं न्हाई."

पुढच्या रविवारी आम्ही एसटीनं दौंडला निघालो. सीडी तिच्या पिशवीत होती. न्हावरे जाईपर्यंत ती चिडलेली होती. "बावीस वर्षं," ती म्हणत होती. "बावीस वर्षं मी लोकांना खोटी पिक्चर सांगितली. त्या बिहारच्या पोरांनी गावाकडं जाऊन सांगितली असंल. सरळ इचारते आबांना." विचारायचं कसं, याची तिनं तालीमही केली. मागच्या सीटवरचा म्हातारा कान देऊन ऐकत होता.

आबा दारातच बसले होते. उंच, वाळलेले, रेल्वेचा जुना निळा शर्ट, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. मी पहिल्यांदाच त्यांना बघत होते. मला जयभीम करून त्यांनी घरातली एकमेव खुर्ची पुढं सरकवली. स्वतः उठून चहा टाकला. एका ओळीत तीन कप मांडले. तिसरा शेजारून मागून आणला. एक खोली, एक खाट, भिंतीला सुरेखाचा शाळेतला फोटो. यार्डातली शिट्टी ऐकू आली की ते बोलता बोलता थांबायचे, मग पुढं बोलायचे.

चहा झाला. सुरेखानं पिशवी मांडीवर घेतली. "आबा, ती उडत्या बाईची पिक्चर. ती आपन शेवटपर्यंत बघितली होती ना?"

आबा कप उचलत होते. हात तसाच राहिला. "व्हय," ते म्हणाले. "शेवटपर्यंत." मग कपाकडेच बघत विचारलं, "का गं? सापडली का कुठं?"

शाळेत गृहपाठ न झालेल्या मुलाचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला होता. सुरेखानं तो बघितला. पिशवीच्या बंदाला तिनं एक गाठ मारली, त्यावर आणखी एक मारली.

"न्हाई आबा," ती म्हणाली. "लई शोधली. कुठंच न्हाई."

"कुठून सापडंल?" आबांचा श्वास मोकळा झाला. "जुनी हाय ती. त्या टायमाचंच कोन राहिलं न्हाई." मग ते माझ्याकडे वळले. "तू बघितलीस का पोरी?"

"नाही आबा," मी म्हटलं.

आबांच्या चेहऱ्यावर पसरलेला आनंद मी याआधी एकदा बघितला होता, ट्रंक उतरवली त्या दिवशी. त्यांनी खाटेवर मांडी घातली आणि सुरुवात केली. पहिला भाग त्यांनी चटकन उरकला. मग दवाखाना आला, सुई आली, साहेब आला. ते हातवारे करत नव्हते, हळू सांगत होते, आणि अधूनमधून सुरेखाकडे बघत होते. ती खाली फरशीवर गुडघ्यांना मिठी घालून बसली होती. मालगाडी थांबली. साहेबाचा डबा भलत्या रुळावर गेला. मला वाटलं, संपलं. मी उठायची तयारी केली.

"मग ती बाई लांब कामाला गेली," आबा म्हणाले.

सुरेखानं मान वर केली.

"मोठी फॅक्टरी होती तिकडं. तिथं तिनं लई जनींचं भलं केलं. घरी म्हातारा बाप होता तिचा. ती महिन्यातून एकदा यायची, पगार झाला की. यायची, आन् सांजच्याला परत जायची. बाप म्हनायचा, जाऊ दे, तिला उडायचं असतं. पन तो वाटंकडं बघायचा. रोज बघायचा."

"हे कवा होतं आबा?" सुरेखानं विचारलं. "हे मला आठवत न्हाई."

आबांनी खाटेवरची चादर हातानं सारखी केली. "अगदी शेवटी होतं," ते म्हणाले. "तू झोपली होतीस."

बाहेर एक गाडी इंजिन बदलायला थांबली होती, चहावाल्यांचा आवाज येत होता. शिरूरची शेवटची एसटी पाच वाजता होती आणि पावणेपाच झाले होते. मी सुरेखाकडे बघितलं. ती उठली, कोपऱ्यातून पातेलं घेतलं आणि रात्रीसाठी तिघांचे तांदूळ धुवायला बसली.

"पुढं सांगा," ती म्हणाली.